सात-आठ अक्षरांची शिकार: इंग्रजी शब्दखेळांसाठी लांब आणि अनोखे शब्द कसे हाताशी ठेवावेत

इंग्रजीतला सर्वांत लांब शब्द कोणता, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकांना पाठ असतं: न्यूमोनोअल्ट्रामायक्रोस्कोपिकसिलिकोव्होल्कॅनोकोनिओसिस. ४५ अक्षरं, आणि अर्थ काय, तर ज्वालामुखीची अतिसूक्ष्म धूळ छातीत जाऊन होणारा फुप्फुसांचा आजार. हा शब्द कुठल्या डॉक्टरने बनवलेला नाही. अमेरिकेतल्या नॅशनल पझलर्स लीग या कोडेबाजांच्या संस्थेचे अध्यक्ष एव्हरेट स्मिथ यांनी १९३५ साली तो मुद्दाम लांबलचक घडवला. पुढे शब्दकोशांनीही त्याला जागा दिली. खेळायला बसल्यावर मात्र त्याचा उपयोग शून्य, कारण स्क्रॅबल या अक्षरांच्या टाइल्स मांडून शब्द जुळवण्याच्या खेळाच्या बोर्डावर एका ओळीत घरंच १५. २९ अक्षरांचा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन आणि २८ अक्षरांचा अँटीडिसएस्टॅब्लिशमेंटेरियनिझम यांचीही तीच गत.

शब्दखेळात ‘लांब’ म्हणजे सात किंवा आठ अक्षरं. ती गाठायला विद्वत्ता कमी आणि पद्धत जास्त लागते. ती पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो. भर स्क्रॅबलवर आहे, कारण लांब शब्दाला सर्वांत मोठं बक्षीस तिथेच मिळतं. बाकीच्या खेळांचं शेवटाकडे येईल. एक सूचना: जिथे स्पेलिंग महत्त्वाचं आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत, ती वाचताना कागदावर उतरवून घ्या. हे शब्द कानाने लक्षात ठेवले तर ऐन वेळी दगा देतात.

आधी यादी ठरवा

कुठलाही शब्द पाठ करण्याआधी, आपण कोणत्या यादीवर खेळतो हे नक्की करा. जगातल्या बहुतेक देशांत इंग्रजी स्क्रॅबलच्या स्पर्धा कॉलिन्स स्क्रॅबल वर्ड्स या यादीवर होतात. तिच्यात सुमारे २ लाख ८० हजार शब्द आहेत. अमेरिका आणि कॅनडातल्या स्पर्धांत प्रामुख्याने वेगळी यादी चालते आणि ती बरीच लहान आहे. फरक अगदी साध्या शब्दांतही आडवा येतो. ‘रिअलाइझ’ शेवटी झेड-ई लावून लिहिला तर दोन्हीकडे चालतो, पण एस-ई लावलेला ब्रिटिश ‘रिअलाइझ’ फक्त कॉलिन्समध्ये. म्हणजे आय-एस-ई शेवट असलेले अनेक शब्द एका यादीत गुण देतात आणि दुसरीत बाद होतात. वर्ड्स विथ फ्रेंड्ससारख्या मोबाइल खेळांची यादी पुन्हा निराळी. चुकीची यादी घोकणं म्हणजे दुसऱ्याच परीक्षेचा अभ्यास करणं.

पिशवीतल्या टाइल्सचा हिशेब

स्क्रॅबलच्या पिशवीत १०० टाइल्स असतात, त्यातल्या दोन कोऱ्या, म्हणजे ब्लँक, ज्या कुठल्याही अक्षराच्या जागी चालतात. उरलेल्या ९८ मध्ये ई १२, ए आणि आय प्रत्येकी ९, ओ ८, तर एन, आर आणि टी प्रत्येकी ६. एल, एस, यू आणि डी चार-चार. जे, के, क्यू, एक्स आणि झेड फक्त एकेक. स्वर एकूण ४२. थोडक्यात, हातात येणाऱ्या सात टाइल्सपैकी साधारण तीन स्वर असतात आणि बाकीच्यांत एन, आर, टी, एस, एल, डी यांची गर्दी.

याचा अर्थ उघड आहे. सातही टाइल्स एका खेळीत लावल्या की ५० गुणांचा बोनस मिळतो, त्यालाच खेळाडू बिंगो म्हणतात. हा बिंगो बहुतेक वेळा अगदी सामान्य अक्षरांतून निघतो. ‘रीटेन्स’ घ्या: आर-ई-टी-ए-आय-एन-एस. सातही अक्षरं एकेका गुणाची, म्हणजे किंमत फक्त ७. पण डावाची पहिली खेळी म्हणून लावला तर मधल्या घरामुळे दुप्पट होऊन १४ आणि वर ५०, असे ६४ गुण. त्याच जागी ‘झू’ हा झेड असलेला शब्द लावणाऱ्याला २४ मिळतात. नवे खेळाडू झेड आणि क्यू हातात आले की खूश होतात. जुने खेळाडू एस किंवा ब्लँक आला की खूश होतात.

ज्या शब्दांना ‘अनोखे’ म्हणतात त्यांतले काही तर पिशवीतूनच बाहेर येऊ शकत नाहीत. ‘पिझॅझ’ हा सात अक्षरी शब्द यादीत आहे, पण त्याला चार झेड लागतात. खरा झेड एक आणि ब्लँक दोन, मिळून तीनच. उलट ‘झिझिव्हा’ लावता येतो: झेड-वाय-झेड-झेड-वाय-व्ही-ए, एका किड्याच्या प्रजातीचं नाव. मात्र त्यासाठी झेड, दोन्ही ब्लँक आणि दोन्ही वाय एकाच माणसाकडे यायला हवेत, त्यामुळे वाट बघत बसू नये.

शेपटी आणि डोकं वेगळं करा

रॅकवर, म्हणजे टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, सात टाइल्स आल्या की पहिली गोष्ट ही करा. ओळखीची शेपटी, म्हणजे शब्दाचा शेवट, दिसते का बघा आणि ती अक्षरं रॅकच्या उजव्या टोकाला सरकवा. आय-एन-जी सर्वांना माहीत असते. तेवढीच कामाची असतात ई-डी, ई-आर, आय-ई-आर, आय-ई-एस-टी, एल-वाय, ए-बी-एल-ई, एन-ई-एस-एस, एल-ई-एस-एस, आय-एस-टी, ए-एन-टी, ई-एन-टी आणि ए-जी-ई. शेपटी बाजूला गेली की डोक्याला सातऐवजी चारच अक्षरं जुळवायची उरतात. समजा ए, जी, आय, एल, एन, पी, टी अशा टाइल्स आहेत. आय-एन-जी बाजूला काढा, उरतात ए, एल, पी, टी. ‘प्लॅट’ दिसायला वेळ लागत नाही आणि ‘प्लेटिंग’ तयार.

मग डोकी तपासा: आर-ई, यू-एन, एम-आय-एस, ओ-व्ही-ई-आर, पी-आर-ई, डी-आय-एस आणि ओ-यू-टी. यातला शेवटचा, ‘आउट’, माझा सर्वांत आवडता, कारण लोक त्याला विसरतात. आउटलास्ट, आउटशाइन, आउटपेस, आउटडान्स, आउटसिंग: एखाद्याहून सरस ठरण्याच्या अर्थाने इंग्रजी कितीतरी क्रियापदांना ‘आउट’ चिकटवते आणि यादीत असे शब्द ढिगाने आहेत. ओ, यू आणि टी एकत्र दिसले की उरलेल्या चार अक्षरांत क्रियापद शोधा.

सहाचे गट: खरी कमाई इथे आहे

अभ्यासाला वेळ मर्यादित असेल तर या एका भागावर घालवा. सहा अक्षरांचे काही गट असे आहेत की त्यांना जवळजवळ कुठलंही सातवं अक्षर जोडा, काही ना काही शब्द तयार होतोच. खेळाडू त्यांना स्टेम म्हणतात. दोन स्टेम आधी करा.

पहिला ‘टिसान’: टी-आय-एस-ए-एन-ई, वनस्पतींच्या काढ्यासारखं पेय. याला बी मिळाला तर ‘बॅसिनेट’ हे जुन्या काळचं शिरस्त्राण होतं. सी जोडला तर ‘सिनेअ‍ॅस्ट’, डी जोडला तर ‘इनस्टेड’, जी जोडला तर ‘सीटिंग’ किंवा ‘टीझिंग’. के आला तर ‘इन्टेक्स’, एल आला तर ‘सेलिअंट’ आणि ‘इलॅस्टिन’, एम आला तर ‘इनमेट्स’. पीने ‘सेपिअंट’, यूने ‘आंटीज’, व्हीने ‘नेटिव्ह्ज’, डब्ल्यूने ‘टॉनीज’. अगदी झेड आला तरी ‘झेनिएस्ट’ आहे आणि एक्स आला तर ‘सेक्स्टेन’, सहा ओळींचं कडवं. कॉलिन्सच्या यादीत क्यू आणि वाय सोडले तर प्रत्येक अक्षराला उत्तर आहे.

दुसरा ‘रेटिना’: आर-ई-टी-आय-एन-ए. यातले शब्द तर रोजच्या वापरातले. सीने ‘सर्टन’, डीने ‘ट्रेन्ड’, ईने ‘ट्रेनी’, एफने ‘फेंटर’, जीने ‘ग्रॅनाइट’, एचने ‘हेअरनेट’, आयने ‘इनर्शिया’, केने ‘केराटिन’, एलने ‘लॅट्रिन’ आणि ‘रिलायंट’, एमने ‘मिनारेट’, एनने ‘एन्ट्रेन’, पीने ‘पेंटर’ आणि ‘रिपेंट’, टीने ‘नायट्रेट’, यूने ‘युरिनेट’, डब्ल्यूने ‘टिनवेअर’. एस आला तर चैनच: रीटेन्स, नॅस्टिअर, स्टेनर, रेटिनाज, रेट्सिना, स्टिअरिन. एकाच सात अक्षरांतून इतके शब्द माहीत असण्याचा फायदा अर्थाचा नाही, जागेचा आहे. बोर्डावर ‘रीटेन्स’ बसत नसेल तिथे ‘नॅस्टिअर’ बसतो, कारण एक एसने संपतो आणि दुसरा आरने.

या गटांमुळे खेळण्याची रीतही बदलते. हातात टी, आय, एस, ए, एन, ई यांपैकी पाच आली असतील, तर दोन-चार जास्तीच्या गुणांसाठी त्यांतलं एक उडवू नका. जड किंवा जोडीची अक्षरं आधी खपवा. दोन आय, दोन यू, व्ही आणि डब्ल्यू एकत्र, असली भरती रॅक अडवून ठेवते. एस वापरायचा तर त्याने किमान आठेक गुण जास्तीचे मिळवून दिले पाहिजेत, असा खेळाडूंमध्ये ढोबळ हिशेब आहे. ब्लँक तर बिंगोसाठीच राखावा.

पाठ कसं करायचं

शब्द शब्दाच्या रूपात घोकू नका. डावात शब्द समोर येत नाही, विस्कटलेली अक्षरं येतात. म्हणून शब्दाची अक्षरं वर्णानुक्रमे लावून त्या रूपाची ओळख करून घ्यायची. याला अल्फाग्रॅम म्हणतात. ‘ट्रेन्ड’चा अल्फाग्रॅम ए-डी-ई-आय-एन-आर-टी. कार्डाच्या एका बाजूला हा क्रम लिहा, मागे त्यातून निघणारे सगळे शब्द: ट्रेन्ड, डिट्रेन, अँटीरेड. समोरची बाजू बघून मागचे शब्द आठवा. डावातही रॅकवरच्या टाइल्स आधी वर्णानुक्रमे लावायच्या, की कार्ड आपोआप आठवतं. सुरुवातीला हे कृत्रिम वाटतं. सरावल्यावर डोळा शब्द शोधत नाही, ओळखतो.

नवे शब्द रोज दहा-पंधरापेक्षा जास्त घेऊ नका, पण जुन्यांची उजळणी चुकवू नका. आठवलेलं कार्ड काही दिवसांनी पुन्हा काढा, मग आठवड्याने, मग महिन्याने. अडलेलं कार्ड दुसऱ्याच दिवशी. हे काम झिझिव्हा नावाचं सॉफ्टवेअर उत्तम करतं, वर सांगितलेल्या किड्यावरूनच त्याचं नाव आहे. त्यात शब्द ‘हातात येण्याची शक्यता किती’ या क्रमाने लावता येतात. तोच क्रम धरा. वर्णमालेच्या क्रमाने ‘ए’पासून सुरुवात करणारे ‘बी’पर्यंत पोचत नाहीत.

अर्थ पाठ करावा का? स्पर्धेच्या दृष्टीने गरज नाही. न्यूझीलंडचे नायजेल रिचर्ड्स यांनी फ्रेंच बोलता येत नसताना २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि २०२४ मध्ये तशाच रीतीने स्पॅनिशचंही. पण ते रिचर्ड्स आहेत. आपल्यासारख्यांनी निदान शब्द नाम आहे, क्रियापद आहे की विशेषण एवढं तरी बघून ठेवावं. नामाला बहुधा एस लागतो, क्रियापदाला ई-डी आणि आय-एन-जी, विशेषणाला कधी ई-आर. एका शब्दाबरोबर तीन-चार रूपं फुकट मिळतात.

रॅक बिघडला तर

स्वरच स्वर आले तर लांब शब्दांपैकी ‘सिक्वोया’ आठवा: एस-ई-क्यू-यू-ओ-आय-ए, सात अक्षरांत पाचही स्वर. तसाच ‘मिआउड’, एम-आय-ए-ओ-यू-ई-डी, म्हणजे मांजराने केलेलं म्याऊ भूतकाळात. ‘युलोजिया’ हाही पाचही स्वरांचा. कॉलिन्समध्ये एक निव्वळ स्वरांचा शब्द आहे, ई-यू-ओ-यू-ए-ई, मध्ययुगीन चर्चसंगीतातला. तो अजून माझ्या हाती कधी आला नाही, पण माहीत असलेला बरा. मात्र स्वरांच्या गर्दीत बिंगोच्या मागे लागण्यापेक्षा ‘अडू’, ए-डी-आय-ई-यू, किंवा ‘ऑडिओ’ टाकून मोकळं होणं शहाणपणाचं.

व्यंजनंच आली तर ‘ऱ्हिदम्स’: आर-एच-वाय-टी-एच-एम-एस. ‘टस्कटस्क्स’, टी-एस-के-टी-एस-के-एस, यात वायसुद्धा नाही, पण दुसऱ्या के साठी ब्लँक लागतो. लहानांत ‘क्रुथ’, सी-आर-डब्ल्यू-टी-एच, हे वेल्समधलं तंतुवाद्य, आणि पी-एच-पी-एच-टी हा वैतागाचा उद्गार.

क्यू आहे आणि यू नाही, ही नेहमीची रड. क्यू-आय हा दोन अक्षरी शब्द तर जीवनदायीच. त्यापुढे क्यू-ए-टी, क्यू-ए-आय-डी, फकीर, बुरखा आणि तलाक, तिन्ही क्यूने लिहिलेले. कॉलिन्समध्ये लांबांपैकी ‘कव्वाली’ आहे, क्यू-ए-डब्ल्यू-डब्ल्यू-ए-एल-आय, सात अक्षरांची. शिवाय ‘कबाला’, क्यू-ए-बी-ए-एल-ए-एच, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या संगीतप्रकाराचं नाव ‘म्बकांगा’, एम-बी-ए-क्यू-ए-एन-जी-ए.

शब्द सापडला, आता तो बसवायचा कुठे

इथे बरेच जण हरतात. पहिली खेळी सोडली तर सात अक्षरी शब्द बोर्डावरच्या शब्दाला टेकला पाहिजे. दोन वाटा आहेत. एक, बोर्डावरचं एखादं अक्षर मध्ये घेऊन आठ अक्षरांचा शब्द करायचा. म्हणून रॅकवरची सात अक्षरं आणि बोर्डावरचं प्रत्येक मोकळं अक्षर, अशी जोडी लावून बघण्याची सवय हवी. दोन, आपला शब्द दुसऱ्याला समांतर किंवा काटकोनात असा ठेवायचा की स्पर्शाच्या जागी छोटे शब्द तयार होतील. त्यासाठी दोन अक्षरी शब्द तोंडपाठ लागतात. कॉलिन्समध्ये ते सव्वाशेच्या आसपास आहेत. लांब शब्दांच्या लेखात हे विचित्र वाटेल, पण अभ्यासाची सुरुवात या दोन अक्षरींपासूनच करा. ते येत नसतील तर अर्धे बिंगो रॅकवरच कुजतात.

लांब शब्दाची ताकद जागेवर किती अवलंबून असते याचे दोन नमुने. ‘मुझिक्स’, एम-यू-झेड-जे-आय-के-एस, म्हणजे रशियातले शेतकरी. अक्षरांची बेरीज २९. पहिल्याच खेळीत झेड दुप्पट-अक्षराच्या घरावर (तिथल्या अक्षराचे गुण दुप्पट होतात) आणि शेवटचा एस मधल्या घरावर येईल असा ठेवा: बेरीज ३९, दुप्पट ७८, बोनस धरून १२८. दुसरा नमुना इतिहासातला. २००६ साली अमेरिकेत मायकेल क्रेस्टा यांनी ‘क्विक्सोट्री’, क्यू-यू-आय-एक्स-ओ-टी-आर-वाय, ही आठ अक्षरं दोन तिप्पट-शब्द घरांना, म्हणजे अख्ख्या शब्दाचे गुण तिप्पट करणाऱ्या घरांना, जोडून लावली. अक्षरांची बेरीज २७, एक्स दुप्पट-अक्षरावर म्हणून ३५. दोन तिपटी म्हणजे नऊपट, ३१५. त्यात ५० मिळवले की ३६५. त्या डावात त्यांनी एकूण ८३० गुण केले. १९८२ मध्ये मँचेस्टरला कार्ल खोशनॉ यांनी ‘कॅझीक्स’, सी-ए-झेड-आय-क्यू-यू-ई-एस, या शब्दाला ३९२ मिळवले, तेही याच नऊपटीने. म्हणून कडेच्या ओळीत दोन तिप्पट-शब्द घरांच्या दरम्यान एखादं सोपं अक्षर मोकळं दिसलं, की आधी तिथे आठ अक्षरी शोधा. आणि प्रतिस्पर्ध्यासाठी तशी जागा स्वतः उघडू नका.

१५ अक्षरांचा ‘ऑक्सिफेनब्युटाझोन’ हा शब्द वापरून एका खेळीत १७७८ गुण होऊ शकतात असं दाखवणारा डाव कागदावर रचलेला आहे. त्यासाठी बोर्डावर आधीपासून अक्षरांचे ठरावीक तुकडे मांडलेले असावे लागतात. फावल्या वेळी वाचायला मजा, बस्स.

बाकीच्या खेळांचं गणित वेगळं

बॉगल या अक्षरांच्या फाशांच्या खेळात आठ किंवा जास्त अक्षरांना ११ गुण आणि तीन-चार अक्षरांना एकच. तीन मिनिटांत एक लांब शब्द दहा छोट्यांना भारी पडतो. तिथे क्यू आणि यू एकाच फाशावर जोडीने असतात, त्यामुळे क्यूची वेगळी तयारी नको. ब्रिटनच्या काउंटडाउन या टीव्ही खेळात नऊ अक्षरं, ३० सेकंद आणि नऊच्या नऊ वापरली तर १८ गुण. स्टेमचा अभ्यास तिथेही तसाच कामी येतो. न्यूयॉर्क टाइम्सच्या स्पेलिंग बी या शब्दकोड्यात एकच अक्षर कितीही वेळा वापरता येतं, म्हणून तिथे लांब शब्द पुनरावृत्तीतून निघतात. आय-एन-जी किंवा ई-डी दिसले की प्रत्येक क्रियापद त्यातून फिरवून बघा. त्या खेळात एस मिळत नाही, तेव्हा अनेकवचनांची सवय बाहेर ठेवा.

हँगमनमध्ये, म्हणजे समोरच्याने एकेक अक्षर ओळखत शब्द शोधायच्या खेळात, लांब शब्द देणं ही उलट चूक आहे. जितकी अक्षरं जास्त, तितके समोरच्याचे अंदाज बरोबर येतात. तिथे ‘सिझिजी’, एस-वाय-झेड-वाय-जी-वाय, किंवा ‘जॅझ’ छळतात. लांबच द्यायचा असेल तर ‘डर्मॅटोग्लिफिक्स’ द्या: १५ अक्षरं आणि एकही दोनदा येत नाही, म्हणजे एका अंदाजात एकच जागा उघडते.

चॅलेंज आणि डावानंतरची पाहणी

अनोखा शब्द लावला की समोरचा चॅलेंज देणारच, म्हणजे शब्द यादीत नाही असा आक्षेप घेणारच. तुमचा शब्द चुकीचा निघाला तर टाइल्स उचलायच्या आणि पाळी गेली. बरोबर निघाला तर दंड कोणाला, हे नियमावर ठरतं. उत्तर अमेरिकेत चुकीचं चॅलेंज देणाऱ्याची पाळी जाते, तर अनेक आंतरराष्ट्रीय स्पर्धांत समोरच्याला ५ गुण मिळतात. पहिल्या पद्धतीत आत्मविश्वासाने लावलेला बनावट शब्दही कधी पचून जातो. दुसऱ्यात चॅलेंज स्वस्त असल्याने तो धोका पत्करू नये. खेळायच्या आधी कुठला नियम ते विचारून घ्या.

डाव संपल्यावर, जिंकलात तरी, प्रत्येक पाळीचा रॅक आणि बोर्डाची स्थिती पुन्हा तपासा. क्वॅकल हे मोफत सॉफ्टवेअर त्या जागी कोणकोणत्या खेळ्या होत्या ते दाखवतं. त्यासाठी डाव चालू असतानाच प्रत्येक पाळीचा रॅक कागदाच्या कोपऱ्यावर टिपून ठेवावा लागतो. जो बिंगो हातात असून दिसला नाही, त्याचा अल्फाग्रॅम त्याच संध्याकाळी कार्डावर लिहा आणि गठ्ठ्याच्या सर्वांत वर ठेवा.